कोणत्या काठावर किती वजन

माहा बाप शालिग्राम दोन वर्षाखाली नौशादचाचाच्या कामावर विहिरीत पडला. बारा फूट खाली कपारीत अटकला म्हणून वाचला. डाव्या मांडीत सळी आहे. तवापासून धाड गावच्या बाजारात लोकं मले विचारतात, सुवर्णे, तू त्या नौशादच्या घरी काऊन जाते? मी जाते. रोज जाते. ज्याले पटत नसन त्यानं आमच्या गाडीत माल टाकू नये.

मी नववीत शाळा सोडली आणि बापाचा छोटा हत्ती टेम्पो आता मी चालवते. माहं एवढं पुरे. हे नौशादचाचाचं आहे.

चाचा देऊळघाटचे. विहिरीतल्या मोटारी काढणं हे त्याइचं काम. मोटार जळली नाहीतर गाळात फसली, की तिले पाइपासकट वर घ्या लागते. विहिरीच्या या काठावरून त्या काठावर लोखंडी गर्डर आडवा टाकायचा, त्याले चैनपुली लटकवायची आणि साखळी ओढत मोटार वर आणायची. असं काम कोणीही करते. फरक एवढाच की चाचा आधी गर्डरवर खडूनं लिहितात, कोणत्या काठावर किती वजन येईन.

लोकाइले हे फालतू वाटते. म्हणतात, दोन काठ हायेत, अर्धं इकडं, अर्धं तिकडं, त्यात लिहायचं काय? चाचा वाद घालत नाहीत. आमच्या गाडीत सहा फुटाचा एक बांबू असते. बोलणाऱ्याच्या खांद्यावर त्याचं एक टोक देतात, दुसरं आपल्या खांद्यावर घेतात, आणि मधात पाण्याची भरलेली बादली. बादली बरोबर मधात आहे तवर समोरचा खुशीत. मग चाचा बादली हळूहळू त्याच्याकडं सरकवतात.

"आता?"

"आता मलेच लागून राह्यलं ना सगळं."

"मले काही लागून नाही राह्यलं," चाचा म्हणतात, आणि बांबू परत गाडीत टाकतात.

चाचा सातवी नापास. हा हिशोब त्याइले लग्नातल्या देगीनं शिकवला. त्याइचे वडील बावर्ची होते, आणि बिर्याणीची भरलेली देग बांबूले लटकवून दोघं जण खांद्यावर नेतात. चाचाच्या बांबूच्या दुसऱ्या टोकाले गुलनाजचाची असायच्या. पोरगी आयशा झाली त्या टाइमले चाचीचं पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगतलं, वीस किलोच्या वर उचलायचं नाही. देग होती साठ किलोची. दुसरं माणूस लावलं तर चाचीचं मन दुखलं असतं, म्हणून चाचानं स्प्रिंगचा काटा आणला, बांबूच्या टोकाले लावला आणि तीन दिवस अंगणात देग इकडून तिकडं सरकवत बसले. सहा फुटाच्या बांबूवर देग आपल्यापासून दोन फुटावर ठेवली, की साठ गुणिले दोन भागिले सहा. चाचीच्या खांद्यावर वीस. बाकीचे चाळीस आपल्या खांद्यावर.

चाचीले विचारलं तर म्हणतात, "मले तर ते वीसबी जास्तच वाटले."

चाचाचा हिशोब दोन गोष्टीत संपते. वरून जेवढं वजन, खालून दोन्ही काठ मिळून तेवढंच झेलतात, एक किलो कमी नाही की जास्त नाही. हे एक. दुसरं, एका काठावर उभं राहून पाहायचं. वजन तुमच्यापासून जितकं दूर, तितकं ते गर्डरले खाली फिरवाले पाहते, आणि समोरचा काठ त्याले खालून उलटं फिरवते. दोन्ही फिरवणं बरोबरीत असलं की गर्डर गप पडून राहते. शाळेत सरांनी हे फळ्यावर शिकवलं असन. फळ्यावर विहीर नव्हती.

आता माह्या बापाचं.

धाडजवळची विहीर होती, शुक्रवार होता. एक काठ पक्का, एक कच्चा. चाचानं पक्क्या काठापासून तिसऱ्या फुटावर खडूची खूण केली, पुली तिथं बांधली आणि जुम्म्याच्या नमाजले गेले. सांगून गेले की मी येईस्तोर पुलीले हात लावू नका. परत आले तर कच्चा काठ ढासळलेला, गर्डरचं एक टोक विहिरीत आणि माहा बापही विहिरीत.

दवाखान्यात सगळ्याइनं विचारलं, कसं झालं? चाचा म्हणे, "माहा हिशोब चुकला." माहा बाप वरच्या पंख्याकडं पाहत होता.

गर्डर मीच गाडीत घालून आणला. खडूची खूण तिसऱ्या फुटावर तशीच होती. पुलीचा ओरखडा सहाव्या फुटावर होता. मले नववीपर्यंतचं गणित पुरलं. मोटार अटकली असन, बापाले दम निघाला नसन, त्यानं पुली कच्च्या काठाकडं तीन फूट सरकवली. मी चाचाले ओरखडा दाखवला.

चाचा म्हणे, "गर्डर धू."

"पण चाचा..."

"तुहा बाप पलंगावर आहे. गर्डर धू."

मी धुतला.

मंग दोन वर्ष चाचाले कोणी बोलावलं नाही. लोकं हायड्रा क्रेन बोलवायले लागले. चाचा चाचीसंगं लग्नाच्या देगी उचलायले लागले, आणि गर्डर अंगणात पडला. त्याच्यावर कपडे वाळायचे. यंदा चाचानं सांगतलं की दिवाळीपर्यंत काम भेटलं तर भेटलं, नाहीतर गर्डर भंगारात. भंगारवाला येऊन पाहूनही गेला. माह्या बापाले मी हे जेवताना सांगतलं. त्यानं ताट सरकवलं.

आठ दिवसांनी जानराव आमच्या दारात आला. देऊळघाटच्या शिवारात त्याचे दोन शेडनेट आहेत, मिरचीच्या बियाण्याचे. मोटार गाळात फसली होती. शेडनेटच्या मधातून आठ फुटाचा रस्ता. हायड्रा जात नाही. दुसरे दोघं जण विहिरीचा काठ पाहून वापस गेले होते. झाडं टँकरवर होती, आणि फुलोरा लागलेला.

"शालिग्राम, खरं सांग," जानराव म्हणे. "तुहा पाय गेला नौशादच्या हिशोबानं. बोलावू का मी त्याले?"

"बोलाव."

"तू काठावर येऊन उभा राहशील? तरच बोलावतो."

माहा बाप दोन वर्षात कोण्या विहिरीजवळ गेला नव्हता. आमच्या घरचं पाणीबी तो भरत नाही. म्हणे, "येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेलो. चाचा आणि बाप गाडीत बाजूबाजूले बसले होते. बोलले नाहीत, पण ते नेहमीचंच.

विहिरीचा उत्तरेकडचा काठ दगडाचा, बांधलेला. दक्षिणेचा काठ मातीचा, पावसाळ्यात अर्धा गेलेला, आणि त्याच काठावर लिंबाची सावली. चाचानं त्या काठावर लाकडाची जाड फळी टाकली आणि जानरावले खताच्या गोण्या आणायले लावल्या. पन्नास किलोची एक ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी ठेवली. माती गप. चौथी ठेवली तसं खाली पाण्यात डुबुक झालं.

"दीडशे," चाचा म्हणे. "याच्या वर हा काठ झेलत नाही. गोण्या उचला."

मंग खडू घेतला. दोन काठातलं अंतर सोळा फूट. गर्डर बावीस फुटाचा, एकशे दहा किलोचा. चाचानं तो मातीच्या काठाच्या बाहेर एकच फूट ठेवला आणि दगडी काठाच्या मागं पाच फूट शेपूट सोडलं. गर्डरचंच वजन मातीच्या काठावर एकेचाळीस आलं. मोटार, पाइप, पाइपातलं पाणी, पुली आणि साखळी ओढणाऱ्याचा जोर, सगळं मिळून तीनशेवीस. पुली दगडी काठापासून चार फुटावर. तीनशेवीस गुणिले चार भागिले सोळा, ऐंशी. ऐंशी आणि एकेचाळीस, एकशे एकवीस. दगडी काठावर तीनशे नऊ. दोन्ही मिळून चारशे तीस, आणि वरचं वजनही चारशे तीस. ही बेरीज जुळल्याशिवाय चाचा साखळीले हात लावत नाहीत.

तेवढ्यात जानरावची माय भिमाबाई आली. संगं जानरावची बायको रेणुका, भाऊ आणि भावजय. ते चौघं आणि जानराव सरळ लिंबाखाली जाऊन उभे राह्यले. मातीच्या काठावर.

"माय, तिथून सरका," चाचा म्हणे.

"आमच्या घरात विहिरीतून काही काढलं तर घरच्या पाच जणाइचा हात साखळीले लागते," भिमाबाई म्हणे. "माह्या सासऱ्यानं विहीर खोदली तवापासूनचं आहे. हात लागल्याशिवाय काही वर येत नसते."

"लावा ना हात. पण तो काठ दीडशे किलो झेलते. तुमी पाच जण कितीचे?"

"आमी काय खताच्या गोण्या हाओत काय बे?"

"गोण्या तीन होत्या, माय. तुमी पाच हा."

भिमाबाई मंग स्वतःच पहिले सरकली. चाचानं साखळीले दोर बांधला आणि दोर दगडी काठावर आणला. पाचही जणाइनं त्याले हात लावला, मंग दोर सोडला. काम चालू झालं. मी आणि जानरावचा भाऊ साखळी ओढत होतो. मोटार गाळातून सुटली, आठ-दहा फूट वर आली आणि अटकली. दगडी बाजूच्या कपारीखाली तिचं डोकं गेलं होतं. खालीवर करून पाह्यलं, निघेना.

"मधात घ्या ना पुली," जानराव म्हणे. "तीन फूट सरकवा, कपार सुटते."

"सरकवली तर तिकडं एकशे एक्याऐंशी येते," चाचा म्हणे. खडू हातातच होता. "काठ दीडशेचा आहे. थांबा, पाहू द्या."

"किती पाहता? दहा वाजले." जानराव गर्डरपाशी गेला आणि पुलीच्या पट्टीले हात घातला. "तुमचा हिशोब मागं कुठं गेल्ता? माणूस खाली गेला तवा? हिशोब सांगून राह्यले मले."

चाचा खाली गर्डरवरच्या आकड्याकडं पाहत राह्यले. खरं माह्या तोंडात आलं होतं. पण मी गर्डर धुतलेला होता.

माहा बाप गाडीले टेकून उभा होता. काठी टेकत काठापर्यंत आला. दगडी काठापर्यंत.

"हात काढ, जानराव."

"काऊन?"

"त्याचा हिशोब बरोबर होता. तो नमाजले गेल्ता. मोटार अशीच अटकली होती. पुली मी सरकवली."

भिमाबाई पदरानं तोंड पुसत म्हणे, "मंग दोन वर्ष काय तोंड शिवलं होतं का रे?"

"हाव," बाप म्हणे.

जानरावनं हात काढला. चाचानं बापाकडं पाह्यलंच नाही. खाली बसून नवा हिशोब लिहायले लागले, आणि लिहिता लिहिता म्हणे, "माय, तुमच्या पाचही जणाइचं वजन सांगा."

"आता वजन कायले?"

"गर्डरच्या शेपटीवर बसायचं आहे तुमाले."

गोष्ट सरळ होती. दगडी काठाच्या मागं पाच फूट गर्डर रिकामा होता. त्याच्यावर वजन टाकलं, की दगडी काठावर तो फळीवाल्या झोक्यासारखा फिरते, आणि पलीकडच्या मातीच्या काठावरचं ओझं हलकं होते. भिमाबाई चाळीस. जानराव सत्तर. भाऊ साठ, भावजय साठ. रेणुका म्हणे, पन्नास. चाचानं तिच्याकडं एकदा पाह्यलं आणि पन्नास लिहिलं. मिळून दोनशे ऐंशी, काठापासून चार फुटावर. गुणिले चार भागिले सोळा, सत्तर. एकशे एक्याऐंशीतून सत्तर गेले, एकशे अकरा.

"बसा मंग," जानराव म्हणे. आता तो लय शहाण्यासारखा बोलत होता.

"सगळे आत्ताच नाही. मोटार पहिले तळाले टेकवू, पुली सरकवू. तवा पुलीवर वजन नाही. पाचही बसले तर पलीकडचं टोकच हवेत जाईन. पहिले तिघं बसा. माय, जानराव आणि रेणुका. मोटार उचलली की बाकीचे दोघं."

तिघाइचे एकशे साठ. त्याइनं मातीच्या काठावरचे चाळीस कमी होतात. एकेचाळीसमधून चाळीस गेले, एक किलो राहते. चाचा म्हणे, एक किलो असला तरी टोक टेकलेलं राहते.

मोटार तळाले टेकवली, पुली सरकवली. भिमाबाई बसली, जानराव बसला, रेणुका बसली. मातीच्या काठावरचं टोक फळीवरून बोटभर वर उठलं.

चाचानं टोकाकडं पाह्यलं. मंग रेणुकाकडं पाह्यलं. रेणुका शेडनेटकडं पाहून राह्यली होती.

"पन्नास?" चाचा म्हणे.

"अठ्ठावन असन," रेणुका म्हणे. "दवाखान्यातला काटा जास्तच दाखवते."

चाचानं पाण्यानं अर्धी भरलेली बादली त्या टोकाले लटकवली. टोक खाली बसलं. मी साखळी ताणली, मोटार तळापासून सुटली तशी बादली काढली. भाऊ आणि भावजय जाऊन बसले. कोणी उठायचं नाही, चाचानं सांगतलं. मंग ओढायले मी आणि चाचा दोघंच उरलो. माहा बाप मातीच्या काठापासून दूर उभा राहून फळीखालची माती पाहत होता. माती पडली तर ओरडायचं, एवढं काम त्याले चाचानं दिलं होतं. दिलं म्हणजे बोटानं जागा दाखवली होती.

अर्ध्यावर आल्यावर भिमाबाई म्हणे, "मले उठा लागते. पाय मुंग्यायले."

चाचा साखळी न सोडता म्हणे, "उठा, माय. तुमच्यानं दहाच किलोचा फरक पडते. चालते."

"मी दहाच किलोची का?" भिमाबाई म्हणे, आणि शेवटपर्यंत उठली नाही.

कपार सुटली. सव्वा अकराले मोटार वर आली, काळ्या गाळानं लिंपलेली. भाऊ आणि भावजयले पहिले उठवलं, टोकाले बादली परत लटकवली, मंग दगडी काठाकडून तिले ओढून घेतली, खाली ठेवली. मातीच्या काठावरून माती पडली नाही, खडाबी पडला नाही. भावजयनं चहा आणला. जानराव चाचाले म्हणे, तुमचा नंबर पुन्हा सांगा, लोकाइले देतो. चाचानं सांगतला.

मले वाटलं होतं, आता सगळं चांगलं होईन. वापस येताना गाडीत चाचा बोलले.

"काऊन बोलला बे?"

"खरं होतं," बाप म्हणे.

"दोन वर्ष मी लोकाइसमोर खोटा पडलो. घरात पडलो. गुलनाजलेबी सांगतलं नाही. म्हणलं, याच्या मांडीत सळी आहे, वरून बदनामी नको. आणि तू ते एका मिनिटात उधळलं."

"तुहा गर्डर भंगारात चालला होता."

"माहा गर्डर होता. तुले विचारून चालला होता का?"

देऊळघाटले चाचा उतरले. गर्डर तेवढा उतरवून घेतला, चहाले या म्हणले नाही. सांजच्यापर्यंत गुलनाजचाचीले गावातूनच कळलं होतं. मी दुसऱ्या दिवशी गेली तर चाची अंगणात तांदूळ पाखडत होत्या. म्हणे, "तुह्या बापावर माहा राग नाही. तो भेला, माणूस भेते. पण या माणसानं मलेबी हिशोब चुकला म्हणून सांगतलं. माह्या खांद्यासाठी तीन दिवस अंगणात बसला होता, आणि मलेच खोटं." चाचा आतमधी होते. ऐकू येत होतं त्याइले.

सात दिवस चाचा आमच्या घरी आले नाहीत. बाप रोज दारात बसायचा, रस्त्याकडं पाहायचा, आणि मी विचारलं तर म्हणायचा, हवा खातो. त्या सात दिवसात माह्या फोनवर चार जणाइनं चाचाचा पत्ता विचारला. एक तर धाडचाच होता, जो बाजारात सगळ्यात जास्त बोलायचा. त्याले मी पत्ता दिला, पण लय उशिरा दिला.

आठव्या दिवशी सकाळी चाचा आले. आत आले नाहीत. बाप दारातच होता.

"रोहिणखेडले विहीर आहे," चाचा म्हणे. "एक काठ कच्चा. येतो का?"

"पायानं काय काम होते माह्या?"

"पायाचं काम नाही. शेपटीवर बसायचं काम आहे. वजन किती तुहं?"

"दोन वर्षात काट्यावर चढलो नाही."

"मंग चढून ये. खरं सांगजो."

बाप काठी घेऊन उठला. दवाखान्यात गेला, काट्यावर चढला आणि काठी हातात ठेवून एकदा, काठी खाली ठेवून एकदा, असे दोन आकडे त्यानं कागदावर लिहून आणले.